दमट हवेत मुरुमांवर घरच्या घरी प्रकाशोपचार

निळ्या आणि तांबड्या प्रकाशाचे मुखवटे हल्ली रत्नागिरी-मालवणातही घरपोच मिळतात. मात्र दिवा लावण्यापूर्वी चेहऱ्यावर उठले आहे ते नेमके काय आहे, हे आरशात नीट पाहून घ्यावे. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मुरुमांतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या पॉर्फिरिन या द्रव्यात शोषला जातो, त्यातून ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात आणि जिवाणू मरतात. तांबडा प्रकाश त्याहून खोल उतरतो व सूज कमी होण्यास मदत करतो. त्यामुळे लालसर, सुजलेल्या, बेताच्या पुटकुळ्यांना या उपचाराने उतार पडू शकतो. नाकावरचे काळे ठिपके आणि हनुवटीवरच्या खोल, ठणकणाऱ्या गाठी यांना त्याचा फारसा उपयोग नाही. घामाच्या दिवसांत कपाळावर व पाठीवर उठणारे एकसारखे, खाजरे पुरळ पुष्कळदा बुरशीचे असते आणि आंबे उतरवताना उडालेल्या चिकाचा डाग हा तर भाजल्याचा व्रण असतो. या दोन्हींवर दिवा धरू नये.

चेहरा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. केसांचे खोबरेल कपाळावर ओघळले असल्यास तेही पुसून काढावे, कारण रोमरंध्रे बुजवण्यास ते हातभार लावते आणि मग एकीकडे उपचार, दुसरीकडे कारण, असा प्रकार होतो. उपकरणासोबत आलेला गॉगल लावावा. नुसते डोळे मिटणे पुरेसे नाही. पहिले काही दिवस पत्रकात दिलेल्या वेळेच्या निम्माच वेळ प्रकाश घ्यावा. वेळ दुप्पट केल्याने गुण दुप्पट येत नाही. रात्री ॲडापलीन हे मुरुमांवरचे मलम लावत असल्यास ते दिव्यानंतर लावावे.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर निळ्या प्रकाशाने काळपट डाग उमटू शकतात, ही गोष्ट जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही. म्हणून आधी जबड्याच्या कडेला लहानशा जागी काही दिवस प्रकाश देऊन पाहावा आणि डाग गडद होऊ लागल्यास निळा प्रकाश लगेच थांबवावा. डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन ही मुरुमांवरची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), अपस्मार किंवा दृष्टिपटलाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावूच नये. कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचे मलम चालू असेल, तर मुरुम त्या मलमामुळेही उठलेले असू शकतात; तेथे दिव्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

पहिल्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढावा, नाहीतर पडवीतल्या उजेडात बरा दिसलेला चेहरा माजघरात पुन्हा पहिल्यासारखाच दिसतो. आठ ते बारा आठवड्यांत फरक दिसला नाही, तर उपकरण बाजूला ठेवावे. खाऱ्या वाऱ्याने चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर चढतो; म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे.