सगळं घर घेऊन ॲन आर्बरला मिशिगनचा फुटबॉल सामना कसा पाहावा

विद्यार्थी म्हणून अमेरिकेतल्या ॲन आर्बरला आलो त्या वर्षापासून मी मिशिगनचा, म्हणजे इथल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा. मुलं तर जन्मापासूनच. आणि दोन हंगाम आमच्याकडे राहून गेलेली आई आता साताऱ्याहून रविवारी सकाळी फोन करते तेव्हा तिचा पहिला प्रश्न असतो, "काल जिंकलो का?" तीन पिढ्यांना घेऊन जाताना जे शिकलो, ते इथे क्रमाने सांगतो.

१. सामना निवडा

घरच्यांची पहिली वेळ असेल तर सप्टेंबरमधला सामना घ्या. ऊन असतं, आणि प्रतिस्पर्धी जरा हलका असेल तर तिकीटही स्वस्त मिळतं. नोव्हेंबरअखेरची ओहायो स्टेटशी, म्हणजे शेजारच्या ओहायो राज्यातल्या विद्यापीठाशी, लढत वेगळीच. हे दोघे १८९७ पासून एकमेकांशी खेळताहेत. ती जरूर पाहा, पण पाच वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच त्या थंडीत नेऊ नका. वेळ टीव्ही वाहिन्यांच्या सोयीने ठरते आणि काही सामन्यांची तर फक्त १२ किंवा ६ दिवस आधी कळते. त्यामुळे त्या शनिवारी दुसरं काहीच ठरवू नका.

२. जागा घेताना गुडघ्यांचा विचार करा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आईला खेळाडू जवळून दिसावेत म्हणून मी अगदी खालच्या रांगेतली तिकिटं काढली. मिशिगन स्टेडियम १९२७ सालचं, १,०७,६०१ लोक बसतील एवढं. पण रस्त्यावरून ते एवढं मोठं वाटत नाही, कारण बराचसा भाग जमिनीत खोदलेला आहे. आई आत शिरली आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली लिंबची बारा मोटेची विहीर!" अगदी तसंच आहे. फाटकातून आत आलात की तुम्ही काठावर असता आणि मैदान तळाशी. खालची रांग म्हणजे जाताना सगळ्या पायऱ्या उतरायच्या आणि साडेतीन तास थंडीत बसून झाल्यावर आखडलेल्या पायांनी त्याच चढायच्या. पाण्याची बाटली घ्यायची तरी वर, स्वच्छतागृहही वर. म्हणून वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर वरच्या रांगा घ्या. खेळाची मांडणीही तिथून जास्त छान कळते. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तशा जागा वेगळ्या असतात, त्या तिकीट काढतानाच मागा.

३. आदल्या रात्री

तिकिटं मोबाइलवर असतात. ती घरीच उघडून फोनमधल्या वॉलेट ॲपमध्ये टाका, कारण लाखभर लोक जमले की फाटकापाशी नेटवर्क मिळेलच असं नाही. पिशव्यांबाबत नियम कडक आहेत आणि ते बदलतात, तेव्हा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचा. आईची औषधं खिशात ठेवा. छत्री आत चालत नाही, रेनकोट घ्या. बाकं ॲल्युमिनियमची, थंडगार. बसायला साधी उशी हवीच. तान्ह्या बाळाला कानावर लावायचे आवाजरोधक घ्या.

कपडे संघाच्या रंगांचे, मक्याच्या दाण्यासारखे पिवळे आणि निळे. ओहायोच्या सामन्याला लाल काहीच नको, तो त्यांचा रंग. आईने तिची आवडती लाल शाल त्या दिवशी आपणहून घरी ठेवली होती.

४. सकाळचं जेवण

दुपारी बाराचा सामना असेल तर आठलाच पोहोचा. स्टेडियमसमोरच्या गोल्फ मैदानावर गाड्या लागतात आणि डिकी उघडून जेवणं सुरू होतात. आम्ही थालीपीठं, दही आणि दोन थर्मास चहा नेतो. शेजारच्या गाडीवाल्यांना थालीपीठ द्याच. त्यांच्याकडून गरम सॉसेज येतं, आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला ओळखतात. खाणं इथेच उरका, बाहेरचं आत नेता येत नाही.

फाटकाकडे निघताना मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर आणि बाकांचा विभाग क्रमांक पेनाने लिहा.

५. आत गेल्यावर

सुरुवातीच्या अर्धा तास आधी जागेवर बसा. बँड मैदानात येतो, खेळाडू धावत येऊन निळ्या फलकाला उडी मारून हात लावतात, आणि ते चुकलं तर अर्धा सामना चुकला असं मी मानतो. १८९८ सालचं विजयगीत वाजलं की उभं राहायचं आणि त्यातल्या प्रत्येक 'हेल' (जय हो) शब्दाला मूठ वर.

खेळ नव्या माणसाला एवढाच सांगा: चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण, नंतरच्या किकचा आणखी १. चेंडू किक मारून खांबांमधून घालवला की फील्ड गोल, त्याचे ३. बाकीचं बघता बघता कळतं. एक गोष्ट मात्र मुलांना आधीच शिकवा. आपल्याकडे चेंडू असताना गप्प राहायचं, म्हणजे क्वार्टरबॅकच्या (चाल सुरू करणाऱ्या खेळाडूच्या) सूचना त्याच्या गड्यांना ऐकू जातील. समोरच्यांकडे चेंडू गेला की घसा बसेपर्यंत ओरडायचं.

६. बाहेर पडताना

लगेच उठू नका. गर्दी पातळ होईपर्यंत बसा, मग सावकाश चढा. आई दर दहा पायऱ्यांनी थांबायची आणि मागे वळून मैदान बघायची, तेव्हा आम्हीही थांबायचो. चहाचा दुसरा थर्मास गाडीत शिल्लक ठेवा. रस्ते मोकळे व्हायला तासभर तरी लागतो.