शूमनच्या कॉन्चेर्टोची दोन ध्वनिमुद्रणं ताडून पाहताना

रोमँटिक काळातल्या पियानो कॉन्चेर्टोची, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांची, ध्वनिमुद्रणं पारखायची तर जर्मन संगीतकार शूमनचा ए मायनर कॉन्चेर्टो (ओपस ५४, १८४५) घ्यावा. रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीच्या कॉन्चेर्टोच्या दणक्यात बरंच काही झाकलं जातं, इथे झाकायला जागाच नाही.

आधी प्लेअरमधलं क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणारी सोय) बंद करा. दुसरी मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) न थांबता तिसरीत शिरते. क्रॉसफेड चालू असेल तर नेमका तो सांधा चेपला जातो. मग दोन्हींचा आवाज जुळवा. जे जरासं मोठं वाजतं ते कानाला उगाच सरस वाटतं. त्यासाठी पहिल्या मूव्हमेंटमधल्या संथ भागाच्या आधीची, सगळा वाद्यवृंद जोरात वाजतो ती जागा धरा. हळू जागेवर जुळवलंत तर पुढे कान फुटतील.

आता सुरुवात. वाद्यवृंदाचा एक ठोका, पियानोची वरून कोसळणारी स्वरावली, मग ओबो या फुंकवाद्याची धून आणि लगेच तीच धून पियानोवर. पूर्ण ध्वनिमुद्रणाचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. ओबो दुसऱ्या खोलीतून आणि पियानो मांडीवर ठेवल्यासारखा ऐकू येत असेल, तर पियानोचे माइक फार जवळ लावलेत. पेडलची खडखड आणि वादकाचा श्वासही ऐकू येतोय का बघा. उलट, पियानोच्या डाव्या हाताचे स्वर एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरत असेल, तर माइक लांब आहेत किंवा सभागृहच जास्त घुमतं. जवळचा माइक एक वेळ सोसवतो, ही गिचमिड नाही.

पहिल्या मूव्हमेंटच्या त्या संथ भागात क्लॅरिनेट (हेही फुंकवाद्यच) आणि पियानो यांचा संवाद आहे. क्लॅरिनेटच्या वाक्याचा शेवटचा स्वर पियानो पूर्ण होऊ देतो का, एवढंच ऐका.

सगळ्यात अवघड जागा शेवटच्या मूव्हमेंटमध्ये. लिहिलेला ताल तीन मात्रांचा, पण तंतुवाद्यांची दुसरी धून विरामांमुळे दोन-दोन मात्रांची भासते. पायाने ठेका धरलात तर तुम्हीही चुकाल. कच्च्या ध्वनिमुद्रणात इथे पियानो शिरला की अर्धी मात्रा ओढाताण जाणवते, किंवा संचालक घाबरून लय धिमी करतो. लय तशीच ठेवून धून हलकी राहिली, तर तेच ध्वनिमुद्रण ठेवा.

पहिल्या मूव्हमेंटमधला, पियानो एकटाच वाजतो तो कॅडेन्झा मात्र हेडफोनवर ऐका. मध्येच सभागृहाची गूंज बदलली, तर तिथे दोन वेगळे टेक (वेगवेगळ्या वेळी वाजवून मुद्रित केलेले तुकडे) जोडलेत.