काकीनाड्याकडं लक्ष ठेवा : परतीच्या पावसात सोलापूरच्या शेतकऱ्यांसाठी

समुद्र बघायचा तर आपल्याला रात्रभर एसटीत बसावं लागतं. त्यामुळं किनाऱ्यावरच्या वादळाची बातमी लागली की सोलापूरकर चॅनेल बदलतो. जून-जुलैत ते चालून जातं, कारण अरबी समुद्रावरचे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला नुसता वारा येतो. ऑक्टोबरात मात्र पाऊस उलट्या अंगानं येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, आंध्रच्या किनाऱ्यावर चढतं आणि तेलंगण, कलबुर्गी करत थेट अक्कलकोटच्या वेशीवर. सह्याद्रीसारखी भिंत मध्ये नाही.

13 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अशीच एक कमी दाबाची प्रणाली आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागली. 14 तारखेला आपला जिल्हा पाण्यात होता. पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा माणसं गेली. काकीनाडा इथून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर तरी आहे. म्हणजे किनाऱ्यावरची बातमी आणि आपल्या बांधावरचं पाणी यांत साधारण एक दिवस मिळतो. काकीनाडा, मछलीपट्टणम, विशाखापट्टणम ही नावं हवामान खात्याच्या बातमीत आली आणि पुढची वाट पश्चिमेला दाखवली, की तो दिवस सुरू झाला समजा. मोबाईलवर हवामानासाठी ‘मेघदूत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही ॲप ठेवा. व्हॉट्सॲपवरचे लाल-पिवळे नकाशे कुठल्या सालचे असतात, देव जाणे.

त्या दिवसात पहिला हात सोयाबीनला. बार्शीकडं काढणी होऊन ढीग रानातच पडलेले असतात. ढीग उंचवट्यावर घ्या, खाली प्लॅस्टिक अंथरा, वरून ताडपत्री आणि चहूबाजूंनी चर. ढिगाखालून पाणी शिरलं तर वरची ताडपत्री काही कामाची नाही. बुडातल्या शेंगांना मोड येतात. अजून कापलं नसेल आणि दिवसात मळणी होणार नसेल, तर कापू नका. उभं पीक भिजून सुकतं, आडवं पडलेलं कुजतं.

नदीकाठच्यांनी मोटर, स्टार्टर, केबल आधी वर काढावी. इथं आपण हमखास चुकतो : आभाळ बघून ठरवतो. भीमेचं पाणी आपल्या आभाळावर नसतं, वरच्या अंगाला दौंडहून उजनी धरणात येणाऱ्या विसर्गावर असतं. उजनीत उपयुक्त साठा 53 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि दौंडहून एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) दिवसभर आलं तर साडेआठ टीएमसी पाणी होतं. ऑक्टोबरात धरण बहुतेक भरलेलं असतं, म्हणजे वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. त्यात वीर धरणाचं पाणी नीरेतून नरसिंहपूरच्या संगमावर मिळतं. पंढरपूरच्या खाली असाल तर उजनी आणि वीर, दोन्ही आकडे जोडून बघा. सीनेचं तर विचारूच नका. सप्टेंबर 2025 मध्ये माढा, मोहोळ भागात सीना जी पसरली, ते पाणी बरंचसं अहिल्यानगर आणि धाराशिवकडनं आलं होतं. पाणी चढायला लागल्यावर मोटर काढायला ओल्या हातानं स्टार्टरपाशी जाऊ नका. मोटर दुसरी मिळते. जनावरं रात्रीची दाव्याला बांधून ठेवू नका.

द्राक्षवाल्यांची गोष्ट वेगळी. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण ज्यानं केली त्याच्याकडं बाग नव्हती. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट तीन-पाच पानांवर आली की केवड्याला, म्हणजे डाऊनीला, ती फार नाजूक असते. म्हणून सगळी बाग एका तारखेला छाटू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन तुकडे करा. प्रणाली येतेय असं दिसलं तर छाटणी चार दिवस पुढं ढकलायला काही हरकत नाही. फूट निघालेली असेल तर दाट फुटी विरळा, हवा खेळू द्या, आणि पावसाच्या आधी बुरशीनाशकाचा हात मारा. नंतर काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, तेव्हा मँकोझेबची धुरळणी हाच मार्ग उरतो. माल निर्यातीला द्यायचा असेल तर औषध निवडताना मण्यांत उरणाऱ्या त्याच्या अवशेषांचा विचार आधी करा. डाळिंबात पाणी साचू देऊ नका. तेल्या (तेलकट डागांचा रोग) दिसलेली फळं, फांद्या काढून बागेबाहेर जाळा. ओल्या झाडांत कात्री चालवू नका, ती रोग झाडोझाड नेते.

तूर आणि कांद्यात उताराच्या दिशेनं चर काढा, तेवढं पुरे. ऊस लोळला तर लगेच उभा करायच्या मागं लागू नका, पाणी आधी बाहेर काढा. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर उपसून ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय प्यायला घेऊ नका. पाणी ओसरल्यावर उसात, कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठी घाला. घोणस कोरडी जागा शोधत असते. ई-पीक पाहणी राहिली असेल तर आधी ती करा, आणि नुकसानीचे फोटो चिखल धुण्याआधी घ्या.

राहिली ज्वारी. मंगळवेढ्याकडच्या भारी रानात पाऊस झाल्यावर पेरणीची घाई होते, कारण 15 ऑक्टोबर, पेरणीची शेवटची तारीख, डोळ्यांसमोर असतो. पण वाफसा नसताना, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकलेलं नसताना, पाभर (पेरणीचं अवजार) घातली तर बी चिखलात दडपतं आणि रान वर पापुद्रा धरतं. चार दिवस उशीर परवडतो, दुबार पेरणी नाही. तोवर घरात बसून बियाण्याला गंधक चोळा, 300 मेशचं, किलोला 4 ग्रॅम. कणसावरची काणी (बुरशीचा रोग) त्यानंच थांबते.