पेट्रोलचा खर्च कसा कमी करावा: आधी वही, मग गाडी

पेट्रोल महागलं की आपण सगळेच भावाबद्दल तावातावाने बोलतो. पण "तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?" असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर अंदाजपंचे असतं. "देते की पंधरा-सोळा." मोजलं कधी होतं? गाडी नवी होती तेव्हा. भावावर आपलं काही चालत नाही. ॲव्हरेजवर मात्र बरंच चालतं, आणि ते मोजल्याशिवाय केलेली बचत खरी की मनाचं समाधान, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून हा लेख मोजमापावर जरा जास्त रेंगाळणार आहे.

पहिली पायरी: भावाची फोड समजून घ्या

पंपावर दिसणाऱ्या आकड्यात चार गोष्टी असतात: कच्चं तेल, त्याचं शुद्धीकरण, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन, आणि सरकारी कर. कच्चं तेल बॅरलमध्ये मोजतात. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. त्याचे व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होतात, त्यामुळे तेलाचा भाव जागच्या जागी असला तरी देशाचं चलन घसरलं की पेट्रोल महाग पडतं.

जगाच्या बाजारात कच्च्या तेलाचा भाव सगळ्यांना जवळपास सारखाच. तरी देशोदेशी पेट्रोलच्या दरात एवढा फरक का? कर आणि अनुदान. नॉर्वे स्वतः तेल काढतो, पण तिथलं पेट्रोल भरपूर कर असल्याने महाग आहे. व्हेनेझुएलाने वर्षानुवर्षं ते जवळजवळ फुकटात विकलं.

कर दोन तऱ्हेचा असतो आणि त्यातला फरक ओळखणं फार उपयोगाचं आहे. समजा लिटरचा भाव १०० आहे. त्यात तेल ४०, शुद्धीकरण, वाहतूक आणि कमिशन मिळून १० आणि कर ५०. हा कर लिटरमागे ठरावीक असेल, तर तेल दुप्पट महागून ८० झालं तरी पंपावर भाव १४० होतो, आणि तेल निम्म्यावर आलं तरी ८० च्या खाली उतरत नाही. कर टक्केवारीत असेल, म्हणजे मूळ ५० वर १०० टक्के, तर तेल दुप्पट झाल्यावर मूळ किंमत ९० आणि कर ९०, एकूण १८०. पुष्कळ ठिकाणी दोन्ही कर एकत्र असतात, आणि ठरावीक कर धरून आलेल्या रकमेवर टक्केवारीचा कर लागतो, म्हणजे करावर कर.

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय नावाच्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढे माल घेण्याचा आगाऊ सौदा, बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल शून्याच्याही खाली गेलं, पण पंपावर कुणाला फुकट पेट्रोल मिळालं नाही. वायदेबाजारातली ती पडझड एका महिन्याच्या सौद्यापुरती होती, आणि कर, वाहतूक, शुद्धीकरण हे सगळं होतं तिथेच होतं. "तेल एवढं पडलं, मग पेट्रोल का नाही?" असं कुणी विचारलं की ही फोड आठवा.

दुसरी पायरी: ॲव्हरेज नीट मोजा

गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा आणि किलोमीटरचा आकडा टिपून घ्या. पुढच्या वेळी पुन्हा तसंच, शक्यतो त्याच पंपावर, पहिल्याच कटला थांबून फुल्ल करा. दोन आकड्यांमधले किलोमीटर भागिले या खेपेला भरलेले लिटर, हे तुमचं ॲव्हरेज. एका खेपेवर विसंबू नका, तीन-चार खेपांची सरासरी काढा. कटनंतर "अजून थोडं बसेल" म्हणून भरत राहिलात तर हिशोब बिघडतोच, शिवाय पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो.

घरात दोन वाहनं असतील तर एक गोष्ट जरूर करून बघा. १००० किलोमीटरचा हिशोब मांडा. ॲव्हरेज १० चं १२ झालं तर १०० लिटरऐवजी ८३.३ लिटर लागतात, बचत १६.७ लिटर. दुसऱ्या वाहनाचं २० चं ३० झालं तर ५० ऐवजी ३३.३ लिटर, बचत पुन्हा १६.७ लिटरच! म्हणजे जास्त पिणाऱ्या गाडीचे दोन किलोमीटर वाढवणं हे दुसऱ्या वाहनाचे दहा वाढवण्याइतकं मोलाचं आहे, अर्थात दोन्ही सारखीच पळत असतील तर. लिटरला किती किलोमीटर हा आकडा इथे फसवतो. १०० किलोमीटरला किती लिटर, असं लिहायला लागा.

वहीचा दुसरा फायदा मला अनुभवाने कळला. माझी गाडी लिटरला अठराच्या आसपास द्यायची. सलग दोन खेपा साडेपंधरा आले. चालवताना काही वेगळं जाणवत नव्हतं. एका संध्याकाळी घरी पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. तीन कोमट होती, पुढच्या डाव्या चाकाची धग वीतभर अंतरावरूनही लागत होती. मेकॅनिकने चाक उतरवून दाखवलं: "दादा, कॅलिपरची पिन जाम झालीये. ब्रेक सुटतच नव्हता, गाडी ब्रेक लावूनच पळत होती." कॅलिपर म्हणजे चाकाची डिस्क आवळणारा ब्रेकचा भाग. साफसफाई आणि ग्रीसवर काम भागलं. वही नसती तर त्या चाकाने आणखी किती पेट्रोल खाल्लं असतं कोण जाणे. तुम्हीही असं बघा, पण हात नुसता जवळ न्या, डिस्कला लावू नका, भाजतं.

तिसरी पायरी: उजव्या पायाला वळण लावा

सगळ्यात मोठी बचत इथे आहे आणि ती फुकट आहे. १००० किलो वजनाची गाडी ताशी ६० च्या वेगावरून ब्रेक मारून थांबवली की चाकापर्यंत पोचलेली मेहनत ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. इंजिन पेट्रोलमधल्या उर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकाला देतं असं धरलं, तर प्रत्येक अशा ब्रेकमागे १७ मिलिलिटर पेट्रोल गेलं, म्हणजे तीन-साडेतीन छोटे चमचे. चौकात दहा वेळा असं केलं की भांडंभर पेट्रोल नुसतं ब्रेक तापवण्यात खर्ची पडतं.

म्हणून नजर समोरच्या गाडीवर न ठेवता तिच्याही पलीकडे ठेवा. लांबवर लाल दिवा दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. उतारावर न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे, ती कृपा करून सोडा. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर इंजिनचा ब्रेक हातचा जातो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो.

क्लचवर पाय टेकवून चालवू नका. वरचा गिअर लवकर टाका, पण इंजिन धडधडेल इतक्या लवकर नको.

मोकळ्या रस्त्यावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर तो ५६ टक्क्यांनी वाढतो. बदल्यात ५० किलोमीटरच्या प्रवासात साडेसात मिनिटं वाचतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली ती याच कारणाने.

उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. कुणाची वाट बघत असाल तर बंद करा. गरम झालेलं इंजिन पुन्हा चालू करायला लागणारं पेट्रोल साधारण दहा सेकंदांत वसूल होतं. चालत्या गाडीत मात्र इंजिन कधीही बंद करू नका, स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

चौथी पायरी: गाडीकडे बघा

टायरची हवा महिन्यातून दोनदा, गाडी फार न पळवता, टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

टपावरचं कॅरिअर वापरात नसेल तर काढून ठेवा, डिकीतलं नको असलेलं ओझंही. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा. दुचाकीची चेन स्वच्छ आणि योग्य ताणाची हवी.

थंड इंजिन सुरुवातीचे काही किलोमीटर जास्त पितं. तीन किरकोळ कामांसाठी तीनदा गाडी काढण्याऐवजी एकाच फेरीत उरका.

पाचवी पायरी: कशावर पैसे घालवू नयेत

पुस्तिकेत साधं पेट्रोल सांगितलं असेल तर जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरून ॲव्हरेज वाढत नाही. ॲव्हरेज वाढतं म्हणून पेट्रोलच्या नळीला लावायला विकतात ती चुंबकं घेऊ नका. पहाटे पेट्रोल थंड म्हणून जास्त मिळतं हाही समज आहे: टाक्या जमिनीखाली असतात, दिवसभरात त्यांचं तापमान फारसं हलत नाही. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलमध्ये मात्र लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रण वाढलं की ॲव्हरेज थोडं उतरतं. वहीत तसं दिसलं तर लगेच गाडीला दोष देऊ नका.

स्वस्त पंपासाठी वाट वाकडी करण्याआधी हिशोब करा. ३० लिटर भरायचं आहे आणि तिथे भाव २ टक्के कमी आहे, तर वाचलं ०.६ लिटरचं मोल. लिटरला १५ देणारी गाडी तेवढ्यात ९ किलोमीटर जाते. जाऊन-येऊन त्याहून लांब असेल तर खिशातूनच गेले.

आज रात्री भाव वाढणार म्हटल्यावर रांगा लागतात, त्यालाही हेच गणित लावा. टाकीत २० लिटर मावतं आणि भाव २ टक्के वाढणार, तर वाचणार ०.४ लिटरचं मोल. अर्धा तास इंजिन चालू ठेवून रांगेत सरकलात तर ते तिथेच संपतं. आणि भाववाढीच्या धास्तीने घरात कॅनमध्ये पेट्रोल साठवू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दुसऱ्या खोलीतल्या ठिणगीनेही पेट घेते.