तिकीट खिडकीच्या सुनावणीला जाण्यापूर्वी

सांगलीची, विश्रामबागची किंवा साताऱ्याची रेल्वेची तिकीट खिडकी बंद करायचा विचार चालू आहे, असं नुसतं कानावर आलं तरी पहिलं काम माहितीच्या अधिकाराचा अर्ज. निवेदन, सह्या, बैठका सगळं त्यानंतर. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. हरकती घ्यायची मुदत त्याहून कमी असू शकते. इंग्लंडमध्ये जुलै २०२३ मध्ये रेल्वे कंपन्यांनी जवळपास १,००० तिकीट कार्यालयं बंद करायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा लोकांना सुरुवातीला २१च दिवस दिले होते. पुढे ती मुदत १ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. आपण वाढीव मुदतीच्या भरवशावर राहू नये.

सातारा, कराड, सांगली, मिरज ही सगळी स्टेशनं मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतात, तेव्हा अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. कोणत्या खिडकीवर कोणत्या पाळीत किती तिकिटं गेली, त्यातली रोखीची किती, पास किती, हे मागाच. पण त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत: बुकिंग क्लार्कची मंजूर पदं किती नि भरलेली किती, आणि तिकिटाचं यंत्र वर्षभरात किती दिवस बंद होतं. माणूस नाही म्हणून खिडकी अर्धा दिवस बंद ठेवायची आणि मग विक्री घटली म्हणायचं, हे कागदावर उघडं पडलं पाहिजे.

टक्केवारीच्या वादात मात्र अडकू नका. तिकडे इंग्लंडमध्ये कंपन्या म्हणत होत्या की खिडकीवर जेमतेम १२ टक्के तिकिटं विकली जातात. प्रवाशांनी वेगळंच विचारलं: यंत्र वापरता न येणाऱ्या अपंग माणसाने काय करायचं, रोख पैसे कुठे चालणार, मदतीला माणूस नक्की कधी भेटणार? सुमारे साडेसात लाख हरकती आल्या. ट्रान्सपोर्ट फोकस आणि लंडन ट्रॅव्हलवॉच या प्रवासी संस्थांनी प्रस्तावांवर आक्षेप घेतला आणि ३१ ऑक्टोबरला सरकारने कंपन्यांना ते मागे घ्यायला सांगितलं.

आपली मोजणीही त्याच अंगाने करायची. एक वही घ्या आणि सकाळच्या पॅसेंजरच्या आधी, दुपारी आणि संध्याकाळी खिडकीजवळ उभे राहा. नावं, फोन नंबर लिहू नका. कोण कशासाठी आलं एवढंच लिहा. गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येते विचारणारे, तिकीट रद्द करणारे, दाखला घेऊन सवलत मागणारे, सगळे वहीत आले पाहिजेत. मिरजेत दवाखान्यासाठी कर्नाटकातून येणारे पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं यांचा रकाना वेगळा ठेवा, कारण खिडकीतला क्लार्क त्यांच्याशी मोडकंतोडकं का होईना कानडी बोलतो आणि यंत्राला त्यांची अडचण कळत नाही. आषाढीला पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची गर्दी एरवीच्या आठवड्यात दिसणार नाही. ती त्या दिवसांतच मोजावी लागेल.

विद्यार्थ्यांच्या पासांवर थोडा जास्त वेळ द्या. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत असतो. म्हणजे खिडकीवर दाखला तपासायचं काम होतं, पण गल्ल्यात रुपया पडत नाही. नुसत्या उत्पन्नाच्या तक्त्यात या मुली कुठेच दिसणार नाहीत. शाळा-कॉलेजांकडून यंदा किती दाखले दिले, याचं पत्र घ्या. मला विचाराल तर साऱ्या फाइलीतला सर्वांत वजनदार कागद हाच.

ज्येष्ठांच्या सवलतीचा मुद्दा या यादीत घालू नका. ती मार्च २०२० पासून बंद आहे, आणि समोरचा अधिकारी एवढ्या एका चुकीवर सगळं निवेदन बाजूला सारू शकतो. त्यासाठी स्वतंत्र पत्र द्या.

बोलायला कोण उठणार ते आधी ठरवा. पुढाऱ्यापेक्षा रोज अप-डाउन करणारी बाई, दिसत नसलेला प्रवासी, भाजीची पाटी घेऊन जाणारी मावशी यांनी दोन-दोन मिनिटं बोललेलं जास्त लागतं. त्यांना रजा किंवा रोजगार बुडवून यावं लागणार असेल तर बैठकीची वेळ बदलून मागा. नोटीस मराठीत, स्टेशनवर, वाचता येईल अशा उंचीवर लागली का तेही बघा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.

नुसतं ‘बंद करू नका’ लिहून थांबू नका. खिडकीतला माणूस प्लॅटफॉर्मवर मदतीला ठेवणार असं उत्तर आलं, तर त्याच्या कामाच्या वेळा लेखी मागा. खासगी एजंट नेमणार म्हणाले, तर तिकिटामागे जादा पैसे किती, पास आणि सवलती तो देणार का, हे तिथल्या तिथे विचारा.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच उठायचं. खासदारांना आणि विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांना त्या शिक्क्याच्या प्रतीचीच झेरॉक्स पाठवा.