सिनेमा, नाटक, पॉडकास्ट सुचवताय? या चुका टाळा

‘काहीतरी चांगलं सुचव ना,’ असं कुणी विचारलं की बहुतेक जण स्वतःला अलीकडे काय आवडलं ते आठवतात, नाव कळवतात आणि मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते. विचारणारा आपली शनिवारची संध्याकाळ कशी घालवावी या विचारात असतो. म्हणून आधी विचारा, सोबत कोण आहे आणि वेळ किती आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात पाळी करून घरी आलेल्या माणसाला आणि सुट्टीत आजोळी आलेल्या नातवंडांना एकच सिनेमा कसा चालेल?

दुसरी चूक म्हणजे नुसतं ‘भारी आहे, बघच’ म्हणणं. का बघायचं ते सांगा. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मी घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायला सुचवते. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा उभा केला, त्याची ती गोष्ट आहे. हसतखेळत सांगितलेली, फार लांबण नाही, त्यामुळे मुलंही टिकून बसतात. याउलट चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, माझ्या मते फार मोठा सिनेमा. पण दमून आलेल्या आणि हसायला आसुसलेल्या माणसाला तो देऊ नका. द्यायचाच असेल तर ‘संथ आहे, आणि मुद्दाम संथ आहे’ एवढं आधी सांगा. मग तो त्या तयारीनं बसतो.

नाटकाच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ होतो. सिनेमा आज नाही तर उद्या मोबाइलवर सापडतो, नाटकाचं तसं नाही. मुंबई-पुण्याचं नाटक नाशिकच्या कालिदास कलामंदिरात येतं, एखाद-दुसरा प्रयोग करतं आणि पुढच्या गावी जातं. तेव्हा नाव सुचवण्याआधी जाहिरात बघा, तारीख बघा. प्रयोग नसताना केलेल्या कौतुकानं समोरच्याची फक्त चुटपुट वाढते.

तिकिटाचंही नीट सांगा. ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांना स्वस्त पडतं म्हणून बाल्कनीत बसवलं तर अर्धं नाटक शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ विचारण्यात जातं. त्यांच्यासाठी पुढच्या, मधल्या रांगा घ्यायला सांगा, आणि पायऱ्या किती चढाव्या लागतील ते खिडकीवर विचारून ठेवा. कलामंदिराजवळ, शालिमारच्या गर्दीत गाडी लावायला वेळ लागतो, त्यामुळे तिसऱ्या घंटेच्या बरंच आधी पोहोचायला सांगा.

आणि कृपा करून गोष्ट सांगू नका! नाशिकच्याच प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ घ्या. तुकोबांची आवली आणि विठोबाची रखुमाई, रंगमंचावर या दोघीच, आणि सोबत अभंग. प्रयोग लागला असेल तर सुचवताना एवढं पुरे. त्या एकमेकींना काय विचारतात, कुठल्या उत्तरावर प्रेक्षागृह स्तब्ध होतं, हे आधीच कळलं तर त्या प्रेक्षकाचा तो क्षण गेला. तो परत देता येत नाही.

खर्च नको असणाऱ्याला मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला सुचवा. मात्र त्या दिवशीचा वक्ता आणि विषय बघून.

पॉडकास्ट सुचवताना अख्ख्या कार्यक्रमाची लिंक टाकणं जवळजवळ निरुपयोगी. शंभर भागांतून नवखा माणूस काय निवडणार? एकच भाग पाठवा, आणि खरं बोलणं कितव्या मिनिटाला सुरू होतं तेही लिहा. ‘अमुक तमुक’ या मराठी पॉडकास्टसारख्या लांब गप्पा नाशिक-पुणे बसच्या प्रवासात छान रंगतात, पण पोळ्या होईपर्यंत ऐकायचं असेल तर छोटा भाग शोधा. मुंबईला रेल्वेनं जाणाऱ्याला भाग आधीच डाउनलोड करायला सांगा, कसारा घाटात रेंज जाते.

एवढं करूनही ‘नाही आवडलं’ असं ऐकावं लागतंच. तिथे वाद घालू नका, ‘तुला कळलंच नाही’ तर मुळीच म्हणू नका. ‘कुठे सोडलंस?’ एवढं विचारा. सुरुवातीलाच सोडलं असेल तर बहुधा गती मानवली नाही. त्याच विषयावरचं जरा वेगवान काही द्या. मध्यावर सोडलं असेल तर विषयच बदलून बघा. या खेपेलाही एकच नाव द्या. पाच नावांची यादी मिळाली की माणूस त्यातलं एकही लावत नाही.