वस्तीतल्या पोरांसोबत फिल्म करायचीय? मग असं करा

बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, म्हणून मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये जसं करतो तसं सांगतो. आठ-दहा पोरं बास, त्याहून जास्त घेतली की चौघं काम करतात आणि बाकीचे नुसते बघत बसतात. दोन मोबाईल, एक वायरवाला कॉलर माईक आणि साधे हेडफोन, एवढ्यात होतं.

पहिल्या दिवशी "तुमच्या अडचणी सांगा" असं अजिबात विचारू नका. बाहेरून येणारा जो तो हेच विचारतो, मग पोरंही दारू, भांडण, गरिबी असं पाठ केल्यासारखं सांगतात, आणि आपल्याकडे लोकांना फक्त कीव करायची असते हे त्यांना बरोबर कळतं. त्यापेक्षा हातात काम द्या. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं शूट करून दाखवलं होतं, मी तिथूनच सुरू करतो. जुन्या डब्यात वाटाणा लावायचा, मोबाईल ठेवायच्या जागी खडूने खूण करायची, आणि रोज ठरलेल्या वेळी एका जोडीने एक फोटो काढायचा. पंधरा दिवसांनी फोटो एडिटिंग ॲपमध्ये जोडले की कोंब सरसर वर येतो आणि पोरं ओरडतात. एखादी जोडी एक दिवस आली नसेल तर तिथे रोप टुणकन उडी मारतं, ते सगळ्यांना दिसतं, कुणाला रागवावं लागत नाही.

मग कामं वाटा, आणि दर आठवड्याला बदला, नाहीतर दांडगी पोरं कॅमेरा सोडत नाहीत आणि मुली कायम पाणी आणायला. सगळ्यात गप्प असेल त्याला साऊंड द्या हे माझं ठाम मत आहे. आमच्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी महिनाभर मान वर करून बोलली नव्हती, तिच्या कानाला हेडफोन लावले, नळावर शूट चालू होतं, हंड्यांचा खणखणाट, आणि तिने हात वर करून मोठ्या माणसांना सांगितलं "काका थांबा, आवाज येतोय". काका थांबले! पुढच्या टेकला कुणी हलायच्या आधी सगळे तिच्याकडे बघत होते.

गोष्ट पोरांनीच ठरवायची, सहा वाक्यांत कागदावर. त्यांना भुताची करायची असेल तर भुताची करा, आपला सामाजिक विषय त्यात घुसडू नका.

शूटचं टेक्निकल फार नाही. फोन एअरप्लेन मोडवर आणि आडवा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक, माईक नसेल तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर आवाज जुळवता येतो. शूट नळाला पाणी यायच्या वेळेला ठेवू नका, अर्धी टीम घरी पळते, आणि पळायलाच हवं.

परवानगीत मात्र ढिलाई नको. पालकांची सही घ्या, पण पोराला वेगळं विचारा, आणि नंतर "मला यात नको" म्हणालं तर तो शॉट काढून टाका. बालगृहातली किंवा बाल न्याय मंडळाकडे केस असलेली मुलं असतील तर 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार त्यांची ओळख कळेल असं काहीही बाहेर दाखवता येत नाही, चेहरा, नाव, शाळा काहीच नाही. अशा वेळी हात, पाय, सावल्या, आवाज यांवर फिल्म करा, छान होते.

एडिटिंगला शूटपेक्षा दुप्पट दिवस ठेवा, कारण खरी भांडणं तिथेच होतात. कुणाचा शॉट उडवायचा यावर दोघं तासभर वाद घालतील, घालू द्या, तुम्ही माऊसला हात लावू नका. ज्याचा शॉट जातोय त्याला आधी बोलू द्यायचं एवढा एकच नियम ठेवा.

पहिला शो वस्तीतच करा, चादरीवर, अंधार पडल्यावर, आणि स्पीकर दुपारीच तपासून घ्या. कुठल्याही पाहुण्याचं भाषण ठेवू नका. फिल्म संपल्यावर पोरांना पुढे उभं करा, प्रश्नांना तीच उत्तरं देतील. आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फिल्मची फाईल द्या, ज्याच्या घरी फोन नाही त्याला पेनड्राईव्हवर.